लोहाची बाजरी, केशरी रताळे : पोषणसमृद्ध वाण गावात कसे रुजवावेत

सातारा जिल्ह्यातील माण, खटाव, फलटण आणि सांगली जिल्ह्यातील जत, आटपाडी, कवठे महांकाळ या तालुक्यांत दोन वेळा पोटभर जेवण मिळत नाही अशी घरे आता थोडी उरली आहेत. पण पोटभर जेवूनही अंगात रक्त नाही अशा बायका आणि मुले वाडीवाडीत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक महिला त्यात मोडतात. रोजच्या जेवणात फळे, अंडी, मांस वा पालेभाजी वाढवणे हा यावरचा खरा उपाय आहे, परंतु मजुरीवर चालणाऱ्या घराला तो लगेच परवडत नाही. त्या घरात भाकरी मात्र रोज होते. म्हणून भाकरीचे धान्यच अधिक कसदार करावे, या विचारातून पोषणसमृद्ध वाणांचे काम जगभर उभे राहिले. बचत गट, ग्रामपंचायत, शाळा किंवा शेतकरी गट यांपैकी कोणालाही हे काम आपल्या गावात सुरू करायचे असेल, तर ते कोणत्या क्रमाने करावे हे पुढे मांडले आहे.

आधी एक भेद स्पष्ट करून घ्यावा, कारण सभेत पहिला प्रश्न त्यावरच येतो. रेशनवर आणि शाळेच्या पोषण आहारात आलेला पोषणमूल्यवर्धित तांदूळ वेगळा असतो. त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि जीवनसत्त्व ब-१२ मिसळून तयार केलेले दाणे साध्या तांदळात साधारण शंभरास एक या प्रमाणात घातलेले असतात. पोषणसमृद्ध वाणात बाहेरून काहीही घातलेले नसते. जास्त लोह, जस्त किंवा कॅरोटीन (ज्यापासून शरीर जीवनसत्त्व अ बनवते) धरणारी झाडे शोधून, निवड आणि संकर या पैदाशीच्या नेहमीच्या मार्गांनी ते वाण तयार केलेले असतात. या लेखात ज्या वाणांची नावे येतात, त्यांतील एकही जनुकीय बदल केलेला नाही. तांदळाचा ‘गोल्डन राइस’ हा प्रकार जनुकीय बदल केलेला आहे, परंतु त्याच्या लागवडीला भारतात परवानगी नाही आणि आपल्या कामाशी त्याचा संबंध नाही. हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकावे, म्हणजे नंतर अफवा पसरत नाहीत.

कोणत्या उणिवेसाठी कोणते पीक

कोणतेही एक पीक सगळ्या उणिवा भरून काढत नाही, त्यामुळे गावात कशाची उणीव आहे हे आधी पाहावे. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्रातील परिचारिका यांच्याकडे गरोदर स्त्रियांच्या हिमोग्लोबिनच्या नोंदी असतात. कोणाचेही नाव न घेता, गावाचे एकूण चित्र काय आहे एवढेच त्यांच्याकडून समजून घ्यावे.

आपल्या दुष्काळी पट्ट्यासाठी पहिली निवड बाजरीची. ‘धनशक्ती’ हा वाण आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून तयार केला. तो २०१२ मध्ये महाराष्ट्रात आणि २०१४ मध्ये देशपातळीवर आला. आपल्याकडे पूर्वीपासून पेरल्या जाणाऱ्या आयसीटीपी ८२०३ या वाणातूनच तो निवडलेला असल्यामुळे आपल्या मातीला तो परका नाही. साध्या बाजरीत किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असते, तर धनशक्तीत ते ७० मिलिग्रॅमच्या वर जाते. राहुरी विद्यापीठाचा ‘फुले महाशक्ती’ हा संकरित वाण ८७ मिलिग्रॅमपर्यंत पोहोचतो आणि परभणी विद्यापीठाचा ‘एएचबी १२००’ सुमारे ७३ मिलिग्रॅम लोह देतो. २०१८ पासून तर बाजरीच्या नव्या वाणाला मान्यता देताना किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असण्याची अट देशात घालण्यात आली आहे. कोणत्याही पिकासाठी असा निकष ठरवण्याचा हा जगातील पहिलाच प्रसंग होता, आणि माझ्या मते बाजरी खाणाऱ्या माणसांसाठी गेल्या काही वर्षांत झालेला हा सर्वांत मोलाचा निर्णय आहे.

ज्वारीत ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त जास्त असलेला वाण २०१८ मध्ये आला. जत-आटपाडीकडे शाळू म्हणजे रब्बीची ज्वारीच मुख्य असल्याने, हा वाण आपल्या हंगामाला कितपत जमतो याची कृषी विज्ञान केंद्रात खात्री केल्याशिवाय तो घेऊ नये. गव्हात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस ४०२८’ हा बन्सी गहू जिरायतीसाठी योग्य असून त्यात प्रथिने सुमारे १४.७ टक्के, लोह ४६ आणि जस्त ४० मिलिग्रॅम आहे.

बाजरी आणि गव्हातून लोह व जस्त मिळते, जीवनसत्त्व अ मिळत नाही. त्यासाठी केशरी गराचे रताळे किंवा केशरी-पिवळा मका लागतो. केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेच्या ‘भू सोना’ या रताळ्यात १०० ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. शरीर त्यापासून जीवनसत्त्व अ तयार करते. जीवनसत्त्व ब-१२ मात्र कोणत्याही धान्यात नसते. त्यासाठी दूध, दही, अंडी किंवा मांसाहारच हवा. बाजरीचा प्रचार करताना उत्साहाच्या भरात ‘सगळी जीवनसत्त्वे मिळतील’ असे कोणी बोलू लागले, तर त्याला तिथेच थांबवावे.

बियाणे : संकरित की सुधारित

हा निर्णय घाईने घेऊ नये. संकरित वाणाचे उत्पादन अधिक येते, पण त्याचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. धनशक्ती हा सुधारित वाण असल्यामुळे त्याचे बियाणे शेतकऱ्याला घरी राखता येते. ज्या घरात भाकरीसाठीच बाजरी पेरली जाते आणि हंगामाच्या तोंडावर हातात रोकड नसते, तिथे मी धनशक्तीचाच आग्रह धरेन. ज्याला बाजरी विकायची आहे आणि ज्याच्याकडे एखाद-दुसरे पाणी देण्याची सोय आहे, त्याने फुले महाशक्ती घ्यावी. दोन्ही गावात राहू द्याव्यात, पण एकमेकींशेजारी पेरू नयेत. बाजरीत परपरागीभवन होते, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्यावर जाऊन वाण मिसळतात, त्यामुळे बियाण्यासाठी राखलेल्या धनशक्तीच्या प्लॉटभोवती किमान २०० मीटरवर दुसरी बाजरी नसावी. लहान वाडीत हे अंतर सापडणे कठीण जाते. तेव्हा एका बांधाला लागून असलेल्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकच वाण पेरावा आणि मधल्या शेतातील बाजरी बियाण्यासाठी ठेवावी, हा मार्ग व्यवहार्य आहे.

बियाण्याची मागणी मृगाच्या तोंडावर केली तर ते मिळत नाही. मार्च-एप्रिलमध्येच गटाच्या नावाने एकत्रित मागणी राहुरी विद्यापीठाच्या बियाणे विभागाकडे किंवा महाबीज या राज्य बियाणे महामंडळाकडे नोंदवावी, आणि सोबत साताऱ्याजवळील बोरगाव किंवा कराडजवळील कालवडे येथील कृषी विज्ञान केंद्राला पीक प्रात्यक्षिकासाठी पत्र द्यावे. सांगलीकडच्या गटांना कसबे डिग्रजचे कृषी संशोधन केंद्र सल्ल्यासाठी जवळ पडते. दुकानातून पिशवी घेताना तिच्यावर वाणाचे नाव, लॉट क्रमांक आणि प्रमाणीकरणाची खूणचिठ्ठी पाहूनच पैसे द्यावेत आणि पावती जपून ठेवावी. लोह डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे भेसळ झाली तर ती पिकाच्या रूपावरून ओळखता येत नाही.

लागवड नेहमीच्या बाजरीसारखीच आहे आणि शेतकऱ्यांना ती शिकवण्याची गरज नाही. एकरी दीड ते दोन किलो बियाणे पुरते. मात्र अरगट या कणसावरच्या बुरशीजन्य रोगासाठी बियाणे २० टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून, वर तरंगणारे हलके बी काढून टाकून, खाली राहिलेले स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवण्याची जुनी शिफारस अनेकांनी सोडून दिली आहे, ती पुन्हा सुरू करावी. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. जमिनीतच जस्त कमी असेल, तर कितीही चांगल्या वाणाच्या दाण्यात ते पुरेसे उतरत नाही. आपल्याकडील चुनखडीयुक्त जमिनींत ही अडचण वारंवार दिसते, म्हणून माती परीक्षणात जस्ताची उणीव आली तर शिफारशीप्रमाणे झिंक सल्फेट द्यावे. तुर्कस्तानच्या मध्य अॅनाटोलिया भागात जस्तयुक्त खतांच्या वापराने गव्हाचे उत्पादन आणि दाण्यातील जस्त दोन्ही वाढल्याचे दिसले, त्यामागेही हेच कारण होते.

लोकांसमोर ते कसे मांडावे

माण-आटपाडीकडच्या जुन्या माणसांना १९७२ च्या दुष्काळातील मिलो अजून आठवतो. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी रेशनवर मिळत होती, पोट भरत होती, पण तिच्या भाकरीची नावड लोकांच्या मनातून गेली नाही. बाहेरून कोणी ‘गरिबांसाठी खास धान्य’ आणले की ती नावड पुन्हा जागी होते. झांबियात हाच अनुभव आला. तिथे पिवळा मका म्हणजे दुष्काळात मदत म्हणून आलेला मका अशी समजूत होती. म्हणून जीवनसत्त्व अ असलेला मका पुढे आणताना तो पिवळा नसून गडद केशरी आहे, वेगळा आहे आणि चवीला चांगला आहे, यावर तिथल्या कार्यकर्त्यांनी भर दिला आणि लोकांनी तो स्वीकारला.

आपणही आजार, कुपोषण, गरिबी हे शब्द फलकावर घेऊ नयेत. पहिल्या वर्षी फक्त पीक दाखवावे. गावात ज्याच्या शेतीकडे लोक आदराने पाहतात अशा दोघा-तिघांच्या रानात, रस्त्याकडेच्या पट्ट्यात, नेहमीच्या वाणाशेजारी प्रात्यक्षिक घ्यावे. (या शेजारच्या प्लॉटमधील दाणे बियाण्यासाठी अर्थातच राखू नयेत.) कणसे भरली की शिवार फेरी काढावी आणि शेतकऱ्यांना कणीस, दाणा व सरमाड हाताळू द्यावे. आपल्याकडे जनावर असलेले घर दाण्याआधी वैरण पाहते. सरमाड कमी किंवा निकृष्ट असेल, तर लोहाचा कितीही गौरव केला तरी ते घर दुसऱ्या वर्षी हा वाण पेरणार नाही. हे आधीच मोजून सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

पुरुषांना रानात नेले तसे बायकांना चुलीपाशी बोलवावे. बचत गटाच्या मासिक सभेला दोन्ही बाजरींच्या भाकऱ्या कोणती कोणती हे न सांगता वाढाव्यात. पीठ थापताना चिरते का, भाकरी फुगते का, संध्याकाळपर्यंत कडक होते का, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही, आणि त्यांनी ‘चालते’ म्हटले की घरात धान्य बदलते. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी घरोघर होतेच. त्या वेळी नव्या बाजरीचे पायलीभर धान्य गटातर्फे दिले, तर वेगळा कार्यक्रम घेण्याची गरजही पडत नाही.

टेंभू, उरमोडी या सिंचन योजनांचे पाणी पोहोचलेल्या गावांत बाजरीचे रान ऊस आणि डाळिंबाकडे गेले आहे. तिथे बाजरी परत आणा असे सांगून उपयोग नाही. त्या शेतकऱ्याचे गणित बरोबर आहे. अशा गावांत शेजारच्या जिरायती गावाच्या गटाकडून घरखर्चाची बाजरी विकत घेण्याचा करार करावा. त्यामुळे जिरायती गटालाही हक्काचे गिऱ्हाईक मिळते.

दाण्यापासून ताटापर्यंत

बहुतेक मोहिमा बियाणे वाटपाशी संपतात आणि खरे काम तिथून पुढे सुरू होते. तीन भाकरींना साधारण २०० ग्रॅम पीठ धरले, तर साध्या बाजरीतून नऊ-दहा मिलिग्रॅम आणि धनशक्तीतून चौदा मिलिग्रॅमच्या वर लोह पोटात जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. म्हणजे तीन भाकऱ्यांत जवळजवळ निम्मी गरज भागते. पण धान्यातील लोहाचा थोडाच भाग रक्तात उतरतो, आणि तो किती उतरावा हे भाकरीबरोबर काय खाल्ले यावर बरेच अवलंबून असते.

आपल्या भागात सकाळी चहाबरोबर भाकरी किंवा चपाती खाण्याची सवय घरोघर आहे. चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते आणि ते शरीराला मिळू देत नाही. चहा सोडायला सांगितले तर कोणी ऐकणार नाही, ऐकावे अशी अपेक्षाही धरू नये; जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे, एवढेच सांगावे. उलट लिंबू, कच्चा टोमॅटो, कोबीची कोशिंबीर, आवळा, कैरी, पेरू यांतील जीवनसत्त्व क लोह शोषायला मदत करते. खरड्यावर लिंबू पिळणे किंवा उसळीबरोबर लिंबाची फोड देणे याला फारसा खर्च येत नाही. बाजरीतील फायटिक आम्ल लोहाच्या आड येते. दाणे भिजवल्याने, मोड आणल्याने किंवा पीठ आंबवल्याने ते कमी होते. या दृष्टीने आंबील ही फार चांगली जुनी पद्धत आहे. ‘बाजरी उष्ण पडते’ म्हणून होळीनंतर ती बंद करणाऱ्या घरांत ताकातली आंबील उन्हाळ्यातही चालते, हा तिचा आणखी एक लाभ. बाजरीचे पीठ लवकर कडू होते, त्यामुळे आठवड्याला लागेल तेवढेच दळून आणावे.

आता सर्वांत अवघड बाब. ज्यांच्यासाठी हे सारे करायचे, त्या घरातल्या बाईच्या वाट्याला ही बाजरी येते का, हे पाहावे लागते. चांगले धान्य बाजाराला आणि रेशनचे घराला, आणि त्यातूनही उरेल ते तिला, ही रीत अनेक घरांत आहे. यावर व्याख्यान देऊन फरक पडत नाही. गटाने सुगीतच ठरवून घ्यावे की प्रत्येक सभासद घरात माणशी ठरावीक बाजरी कणगीत राखेल आणि उरलेलीच विकेल. हा ठराव गटाच्या वहीत लिहिला गेला की सासू-सासऱ्यांपुढे सुनेला स्वतःसाठी वेगळे मागावे लागत नाही.

हे खाऊन खरोखर फरक पडतो का, असे कोणी विचारले तर उत्तर आपल्याच राज्यातील आहे. महाराष्ट्रात १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांना सहा महिने लोहसमृद्ध बाजरीची भाकरी देऊन अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला लोहाची उणीव असलेल्या मुलांपैकी ही बाजरी खाणाऱ्यांत उणीव भरून निघण्याची शक्यता साधी बाजरी खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे १.६ पट आढळली. बेळगाव भागातील दोन वर्षांच्या आसपासच्या बालकांवरील अभ्यासात शरीरात शोषलेले लोह दुपटीहून अधिक भरले. तरीही गरोदर स्त्रीची लोहाची गोळी, किशोरींची साप्ताहिक गोळी आणि बालकांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत मिळणारे जीवनसत्त्व अ चे डोस यांतील काहीही बाजरीच्या भरवशावर बंद करू नये. रक्तक्षय झालेल्या व्यक्तीला उपचार लागतो. धान्यामुळे उणीव पुन्हा होण्याचे प्रमाण कमी होते.

केशरी रताळ्याची परसबाग

जगात या कामाचे सर्वांत ठळक यश रताळ्याचे आहे. मोझांबिक आणि युगांडात केशरी रताळे घराघरांत पोहोचवणाऱ्या शास्त्रज्ञांना आणि या चळवळीचा पाया घालणाऱ्या हॉवर्थ बुईस यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तिथे प्रौढांना पांढरे, पिठूळ रताळे आवडत होते, पण मऊ आणि गोड केशरी रताळे मुलांनी आवडीने खाल्ले आणि घरात त्याला जागा मिळाली. सुमारे १२५ ग्रॅमचे एक केशरी रताळे लहान मुलाची दिवसाची जीवनसत्त्व अ ची गरज भागवू शकते.

आपल्याकडे रताळे आषाढी एकादशीला आणि महाशिवरात्रीला उपवासाचे म्हणून खाल्ले जाते. त्यामुळे ते कोणाला नवे नाही, पण वर्षातून चार दिवस खाऊन उपयोग होत नाही. अंगणवाडी आणि शाळेच्या परसबागेपासून सुरुवात करावी. वेलाचे बेणे केंद्रीय संस्थेकडून किंवा कंदपिकांवर काम करणाऱ्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून मागवता येते. दुष्काळी भागात अडचण येते ती उन्हाळ्यात वेल जिवंत ठेवण्याची. पूर्व आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी यावर काढलेला उपाय आपल्यालाही जसाच्या तसा लागू पडतो. काढणीनंतर निरोगी, लहान रताळी निवडून घमेल्यात कोरड्या वाळूच्या थरांत, एकमेकांना न चिकटता, सावलीत ठेवावीत. पावसाच्या दीड-दोन महिने आधी ती न्हाणीच्या सांडपाण्यावर लावावीत, म्हणजे पाऊस पडेपर्यंत पुरेसे वेल तयार होतात.

रताळे सालीसकट उकडावे आणि खाताना थोडे तेल, तूप किंवा शेंगदाण्याचे कूट घ्यावे, कारण स्निग्ध पदार्थाशिवाय कॅरोटीन नीट शोषले जात नाही. वाळवायचे असल्यास उन्हात न वाळवता सावलीत वाळवावे.

दुसरे वर्ष आणि तपासणी

दुसऱ्या वर्षी बियाण्याची परतफेड पद्धत सुरू करावी. पहिल्या वर्षी किलोभर धनशक्ती घेणाऱ्याने सुगीत दीड किलो गटाला परत द्यावी आणि ती पुढच्या घराला जावी. हे बियाणे राखीव प्लॉटमधूनच घ्यावे आणि तीन हंगामांनंतर विद्यापीठाचे मूळ बियाणे पुन्हा आणावे.

दाण्यातील लोह दोन वर्षांतून एकदा तरी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. नमुना खळ्यावरून घेतला तर मातीच्या धुळीतील लोह त्यात मिसळते आणि आकडा फसवा येतो. गिरणीतून दळलेल्या पिठाचेही तेच होते. म्हणून उभ्या पिकातून, शेताच्या पाच-सहा ठिकाणची कणसे कापून, हाताने दाणे काढून कागदी पिशवीत भरावेत आणि न दळता पाठवावेत. अहवाल आला की तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. आकडा किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास घसरला असेल, तर वाण मिसळला आहे असे समजून त्या प्लॉटची बाजरी खाण्यासाठी वापरावी आणि येत्या मृगासाठी नव्या बियाण्याची मागणी मार्च-एप्रिलमध्येच नोंदवावी.